मदत हवी आहे: स्पॅनिशमधलं हे 'मे-ते-से' कधी लावायचं?

कावलेला_विद्यार्थी: रोजची वाक्यं पाठ करतोय. 'लाबो मिस मानोस' (हात धुतो) लिहिलं तर चूक म्हणे. 'बोय' चालतं, 'मे बोय'ही चालतं. 'मे' म्हणजे 'स्वतःला' धरून पाहिलं, जमत नाही. शुक्रवारी तोंडी आहे, लवकर सांगा. अमुक अ‍ॅप वापरा असं कृपया नको.

चकलीचा_सोऱ्या: कुठली परीक्षा? पातळी? स्पेनची स्पॅनिश की मेक्सिकोची?

उंबरठा: 'स्वतःला' सोडा. मराठीत मूळ 'उठणे', त्याला 'व' लावून 'उठवणे'. स्पॅनिशमध्ये उलटं: मूळ 'लेबांतार' म्हणजे उठवणे, उचलणे, 'से' लावला की उठणे. 'आकोस्तार' झोपवणे, 'आकोस्तारसे' आडवं होणे. हातांचं म्हणाल तर 'मे लाबो लास मानोस'. हात कोणाचे ते 'मे'नेच सांगितलं, मग 'मिस' कशाला? आपण तरी 'माझे हात धुतो' म्हणतो का?

खिडकीशेजारी: 'बोय आल मेर्कादो': बाजारात जातो. 'मे बोय': निघतो. 'दुएर्मो ओचो ओरास': आठ तास झोपतो. 'मे दुएर्मो': डोळा लागतोय. 'से कोमियो तोदा ला तोर्तिया': अख्खी खाऊन टाकली. मराठीतलं 'टाकणे' डोक्यात ठेवा, झालं.

बोरूबहाद्दर: झालं कसलं! 'केखार्से' (तक्रार करणे), 'आर्रेपेन्तिर्से' (पस्तावणे) यांत काय टाकलं? ही 'से'शिवाय वापरतच नाहीत. तुमचं 'टाकणे' चार क्रियापदांपुरतं, बाकीची घोकावीच लागतात.

खिडकीशेजारी: घोकून 'मे बोय' कळत नाही, एवढंच म्हणणं आहे.

मांडवीकाठ: पोर्तुगालच्या पोर्तुगीजमध्ये साध्या होकारार्थी वाक्यात हे क्रियापदाच्या मागे येतं, ब्राझीलमध्ये बोलताना पुढे.

चकलीचा_सोऱ्या: पोर्तुगीज कोणी विचारलं? धागाकर्ते, पातळी?

कावलेला_विद्यार्थी: पुस्तक स्पेनचं आहे. 'मे गुस्ता' पण यातलंच ना?

उंबरठा: नाही! तिथला 'मे' म्हणजे आपला 'मला'. क्रियापदाचं शेपूट बघा. 'मे लेबांतो'त 'ओ' आहे, म्हणजे उठणारा मीच. 'गुस्ता'त 'आ', कर्ता मी नव्हे, आवडणारी वस्तू. म्हणून आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस'. 'मला आंबे आवडतात', अगदी तस्संच.

आंबटगोड: 'सेर' आणि 'एस्तार' (दोन्ही 'असणे') यांमधला फरक आधी पक्का करा.

बोरूबहाद्दर: तो नंतर. तोंडीत जीभ अडखळते ती जागेवर. 'मे बोय आ दुचार' आणि 'बोय आ दुचार्मे' (आंघोळ करणार आहे) दोन्ही बरोबर. मधे घुसवून 'बोय आ मे दुचार' केलं की चूक. दुसरी चूक 'बोय आ दुचारसे': शब्दकोशातला 'से' तसाच राहतो, तो 'मी'साठी 'मे' झालाच पाहिजे. आज्ञा देताना मागे चिकटतो, 'लेबांताते'. नकारात पुढे, 'नो ते लेबांतेस'. आणि पहिल्या वाक्यातला 'मे' आंघोळीचा आहे, 'निघतो'वाला नव्हे, फसू नका.

कावलेला_विद्यार्थी: ग्लास हातातून पडला हे कसं म्हणायचं? 'मे कायो' लिहिलं तर तेही चूक.

खिडकीशेजारी: 'से मे कायो एल बासो'. 'से' पडण्याचा, 'मे' म्हणजे 'माझ्या हातून'. विसरलो तरी 'से मे ओल्बिदो': माझ्याकडून राहून गेलं. दोष ग्लासाचा, आपण नामानिराळे.

चकलीचा_सोऱ्या: पातळी अजून सांगितली नाहीतच. ए१ (अगदी सुरुवातीची) असेल तर हे ग्लासाचं सोडा, आंघोळ-उठणं-झोपणं सहाही रूपांत म्हणा: मे, ते, से, नोस, ओस, से.