अमेरिकेत पिकअप ट्रकचं गिऱ्हाईक का थबकलंय?

क्लचकेबल

प्रश्न अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपांबद्दल आहे, आपल्याकडच्या छोट्या मालवाहू पिकअपबद्दल नाही. फोर्डची एफ-सिरीज २०१८ मध्ये एकट्या अमेरिकेत ९ लाखांच्या वर खपली होती, २०२२ मध्ये साडेसहा लाखांवर आली. ते चिपटंचाईचं वर्ष होतं म्हणून सोडून देऊ. पण रॅम हा दुसरा पिकअप ब्रँड २०१९ मध्ये ६ लाखांच्या पुढे होता तो २०२४ मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास आला, आणि तोवर चिपा मुबलक झाल्या होत्या. "व्याजदर वाढले" हे एका ओळीचं उत्तर सगळीकडे मिळतं. पण व्याजदर सगळ्याच गाड्यांना लागू आहेत, मग पिकअपलाच जास्त का नडतंय? हिशेबाची बाजू आणि यांत्रिक बाजू, दोन्ही माहीत असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

हिशेबी_माणूस

व्याजदर सगळ्यांना लागू, पण मुद्दल सगळ्यांचं सारखं नाही, सगळी गोम तिथेच आहे. मार्च २०२२ पर्यंत फेडचा (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा) दर शून्याला टेकलेला होता, जुलै २०२३ मध्ये तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेला. वाहनकर्ज त्याच्या मागोमाग चढलं. आता ६०,००० डॉलरचं कर्ज घ्या. चार दारांच्या, फोर-व्हील-ड्राइव्ह, मधल्या ट्रिमच्या (सोयींच्या पातळीच्या) हाफ-टन ट्रकला, म्हणजे एफ-१५० किंवा रॅम १५०० च्या वर्गातल्या गाडीला, एवढं सहज लागतं.

४ टक्के, ७२ महिने: हप्ता सुमारे ९३९ डॉलर, एकूण व्याज ७,६०० च्या आसपास.
८ टक्के, ७२ महिने: हप्ता सुमारे १,०५२.
८ टक्के, ८४ महिने: हप्ता सुमारे ९३५.

तिसरी ओळ पुन्हा वाचा. पहिल्या ओळीइतकाच हप्ता आहे. डीलरच्या टेबलावर गिऱ्हाइकाला दाखवतात ती हीच ओळ: "हप्ता तोच ठेवला, फक्त वर्षभर जास्त." व्याज मात्र ७,६०० वरून १८,५०० वर गेलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे तीन वर्षांनी काय शिल्लक राहतं ते. ४ टक्के/७२ च्या कर्जात ३६ हप्त्यांनंतर ३१,८०० डॉलर देणं उरतं, ८ टक्के/८४ मध्ये ३८,३००. साडेसहा हजारांचा फरक. बाजारात जुन्या ट्रकचे ३५,००० येत असतील तर पहिला माणूस तीन हजार खिशात घालून नवा ट्रक बघायला जातो, आणि दुसऱ्याला गाडी सोडायची तर पदरचे तीन हजार भरावे लागतात. हे पदरचे पैसे नव्या कर्जात मिसळले की पुढचं मुद्दल आणखी फुगतं.

पिकअपचा धंदा दर तीन-चार वर्षांनी ट्रक बदलणाऱ्यांवर चालतो. २०२१-२२ मध्ये छापील किमतीच्या वर पैसे मोजून ज्यांनी ट्रक घेतले त्यांच्यातले बरेच जण आज अशा उलट्या कर्जात अडकलेत. ट्रक आवडत नाही असं नाही, सोडवत नाही. आणि ज्यांचं कर्ज जुन्या स्वस्त दराचं आहे तेही हलत नाहीत, कारण तो दर परत मिळणार नाही.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे बांधकामाचे ठेकेदार. ३० वर्षांच्या गृहकर्जाचा दर ऑक्टोबर २०२३ मध्ये ८ टक्क्यांच्या जवळ पोचला होता. घरांची कामं लांबली की ठेकेदार आधी ट्रकची खरेदी पुढे ढकलतो. सेडान घेणाऱ्या पगारदाराला हे कारण लागू होत नाही.

हौदेवाला

हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच. माणूस हप्ता जास्त द्यायलाही तयार होतो, जर वस्तू त्याच्या कामाची असेल. आजचे ६०-७० हजारांचे ट्रक कामाला कमी आणि दिखाव्याला जास्त झालेत, हे लोकांच्या आता लक्षात यायला लागलंय.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर असतं. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल तो आकडा छापलेला असतो. हा आकडा त्याच गाडीचा, त्याच ट्रिमचा. ब्रोशरमधला नाही. सनरूफ, वीस-बावीस इंची चाकं, विजेच्या सीटा, आपोआप उतरणाऱ्या पायऱ्या, यातली प्रत्येक गोष्ट त्या आकड्यातून वजा झालेली असते. साध्या कामाच्या ट्रिमला २,००० पौंड दिसतील तिथे भारी ट्रिमच्या क्रू कॅबला (चार दारांच्या ट्रकला) १,४५० दिसू शकतात.

आता ब्रोशर म्हणतं ११,००० पौंड ओढतो. भरलेला ६,५०० पौंडांचा कॅम्पर (मागे ओढायचा राहण्याचा ट्रेलर) लावा. टंग वेट, म्हणजे हुकावर उभं पडणारं वजन, ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. त्याहून कमी ठेवलं तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. १३ टक्के धरा: ८४५ पौंड. वजन विभागणारा हिच (ट्रेलर जोडायचा हुक) स्वतः ८० पौंड. १,४५० मधून ९२५ गेले, उरले ५२५. चार माणसं सरासरी १५० पौंडांची बसली की ६०० झाले. म्हणजे हौदा पूर्ण रिकामा, कुत्रं घरी, तरी ७५ पौंड जास्तच. आणि ओढण्याची मर्यादा अजून ४,५०० पौंड दूर!

वजन जास्त झालं की क्रम ठरलेला. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या दबतात, पुढचा अॅक्सल हलका होतो, स्टीअरिंग भरकटतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, मागचे टायर तापतात. वजन विभागणारा हिच थोडा भार पुढच्या चाकांवर परत ढकलतो, पण स्टिकरवरचा आकडा त्याने वाढत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की विक्रेतेसुद्धा तो बिनधास्त सांगतात.

मापाचंही तेच. साडेपाच फुटी हौद्याची क्रू कॅब एफ-१५० जवळजवळ २३२ इंच लांब आहे, साडेसहा फुटी हौदा घेतला तर २४३ च्या वर. अमेरिकेतल्या नेहमीच्या गॅरेजची खोली २० फूट, म्हणजे २४० इंच. मोठा हौदा घेतला तर दार लागत नाही, छोटा घेतला तर आठ फुटी प्लायवूड बाहेर लोंबतं. बॉनेटच्या उंचीवर बोलत नाही, नाहीतर धागा भरकटेल.

म्हणून ज्यांना वर्षातून चार वेळा सामान आणायचं असतं ते मधल्या आकाराची एसयूव्ही घेऊन मागे छोटी ट्रॉली लावतात. ज्यांना खरंच जड ओढायचं असतं ते थेट थ्री-क्वार्टर टनाकडे, म्हणजे एक पायरी जड ट्रककडे, जातात. मधला भारी हाफ-टन दोन्हीकडून मार खातो.

टॉर्करेंच

यांत्रिक बाजू राहिली. या वर्गाचं गिऱ्हाईक इंजिनावर जीव टाकणारं आहे आणि गेल्या काही वर्षांत त्याचा विश्वास हललाय.

रॅमचंच बघा. २०२५ च्या १५०० मॉडेलमधून ५.७ लिटरचं हेमी व्ही-८ काढलं आणि ३ लिटरचं दोन टर्बोंचं सरळ सहा सिलिंडरचं हरिकेन दिलं. कागदावर नवं इंजिन सरस: ४२० अश्वशक्ती, हेमीची ३९५. पण गिऱ्हाइकाने कागद बघितलाच नाही, आवाज बघितला. शेवटी २०२६ मॉडेलला हेमी परत आणायची वेळ आली. त्याच सुमारास स्वस्तातली जुनी पिढी, १५०० क्लासिक, २०२४ मध्ये बंद केली. म्हणजे वरचं गिऱ्हाईक नाराज आणि खालच्या गिऱ्हाइकाला घ्यायला काही नाही. क्लचकेबल, तुमच्या रॅमच्या आकड्याचा मोठा भाग इथे आहे.

जनरल मोटर्सचं ६.२ लिटर एल-८७: एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ६ लाख गाड्यांचं रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं. २०२१ ते २०२४ च्या सिल्व्हराडो, सिएरा आणि त्याच इंजिनाच्या मोठ्या एसयूव्ही. कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टमधले दोष. उपाय असा की तपासणीत नापास झालं तर इंजिन दुरुस्त करायचं किंवा बदलायचं, पास झालं तर ०डब्ल्यू-२० ऐवजी दाट ०डब्ल्यू-४० ऑइल, नवा फिल्टर आणि ऑइलचं नवं झाकण. पास झालेल्या गाडीच्या मालकाला हे झाकण बदलून मिळाल्याचा किती आनंद होत असेल याची कल्पना करा. टोयोटा टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून २०२२-२३ च्या सुमारे १ लाख २ हजार गाड्यांमध्ये कारखान्यातल्या मशिनिंगचा कचरा इंजिनात राहून मेन बेअरिंग जाण्याचा धोका निघाला, तिथेही रिकॉल.

अशा बातम्यांनी ट्रक घेणारा ट्रक सोडत नाही. तो "अजून एक-दोन वर्षं जुनाच वापरू, इंजिन स्थिरावलं की बघू" म्हणतो. आणि हल्लीचे ट्रक दीड-दोन लाख मैल चालतात, त्यामुळे थांबणं परवडतं.

विजेच्या ट्रकांचं गणित तर वेगळंच फसलं. टेस्लाचा सायबरट्रक २०१९ मध्ये ३९,९०० डॉलरपासून दाखवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाड्या द्यायला लागले तेव्हा चारही चाकं फिरवणारं मॉडेल ७९,९९० ला होतं. एफ-१५० लाइटनिंग २०२१ मध्ये ३९,९७४ ला जाहीर झाला आणि २०२३ मध्ये त्याची सर्वांत स्वस्त आवृत्ती एका टप्प्यावर ५९,९७४ ला पोचली, नंतर खाली आणावी लागली. मागे उंच ट्रेलर लावला की हवेच्या विरोधामुळे रेंज जवळजवळ अर्धी होते. ३२० मैलांची गाडी दीडशेच्या आसपास, आणि शून्यापर्यंत कोणी चालवत नाही, म्हणजे व्यवहारात शंभर-सव्वाशे. बहुतेक चार्जर गाडीचं नाक आत घालायच्या बेताने बसवलेले, म्हणजे दर थांब्याला ट्रेलर सोडा, चार्ज करा, पुन्हा जोडा. ३० सप्टेंबर २०२५ नंतर ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत गेली. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने या स्वरूपातला लाइटनिंग थांबवत असल्याचं जाहीर केलं.

क्लचकेबल

तिघांचे आभार. दोन शंका. छोट्या पिकअपची मागणी आहे तर कंपन्या स्वस्तात आणत का नाहीत? आणि व्यवसायासाठी ट्रक घेतला की करात सगळी किंमत वजा होते असं ऐकलंय, मग तो वर्ग तरी का थंडावला?

हौदेवाला

पहिल्याचं उत्तर १९६४ सालातलं आहे. युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर बसवला, बदल्यात अमेरिकेने परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के आयातशुल्क लावलं. कोंबडीचं भांडण कधीच मिटलं, शुल्क अजून आहे. म्हणून जगभर फिरणारी हायलक्स अमेरिकेत मिळत नाही. त्यात इंधनबचतीच्या नियमांत चाकांमधल्या क्षेत्रफळाप्रमाणे लक्ष्य ठरायला लागलं. गाडी जितकी मोठी तितकं लक्ष्य सैल, त्यामुळे छोटा ट्रक बनवणं आतबट्ट्याचं झालं. फोर्डच्या जुन्या छोट्या रेंजरचं उत्पादन २०११ मध्ये बंद झालं ते नाव अमेरिकेत २०१९ ला परतलं.

मागणी आहे याचा पुरावा फोर्डची छोटी पिकअप मॅव्हरिक. २०२४ मध्ये १ लाख ३१ हजार गाड्या गेल्या. साडेचार फुटी हौदा, १,५०० पौंड पेलोड (माणसं आणि सामान मिळून चालणारं वजन), म्हणजे वरच्या हिशेबातल्या भारी हाफ-टनपेक्षाही थोडा जास्तच! पण सुरुवातीला १९,९९५ डॉलरला आलेली ही गाडी २०२५ मॉडेलला २६,००० च्या पुढे गेली. बनते मेक्सिकोत, त्यामुळे २०२५ च्या नव्या आयातशुल्काची टांगती तलवारही आहे.

तेव्हा "पिकअप मंदावले" हे सरसकट खरं नाही. मंदावलाय तो महागडा हाफ-टन आणि विजेचा ट्रक.

हिशेबी_माणूस

कराबद्दल. कलम १७९ (धंद्याच्या गाडीची किंमत त्याच वर्षी करात वजा करू देणारं) साठी गाडीचं भरलेलं कमाल वजन ६,००० पौंडांच्या वर लागतं, ते बहुतेक हाफ-टनांचं असतं. पण त्यात एक खाच आहे. हौद्याची आतली लांबी किमान ६ फूट असेल तरच एसयूव्हीसाठीची वजावटीची मर्यादा लागत नाही. २०२४ साठी ती मर्यादा ३०,५०० डॉलर होती. सगळ्यांत जास्त खपणारी क्रू कॅब साडेपाच फुटी हौद्याची, म्हणजे ती मर्यादेत अडकते. उरलेल्या किमतीला बोनस घसारा (ठरावीक टक्के पहिल्याच वर्षी वजा करणं) लावायचा, तर तो २०२२ पर्यंत १०० टक्के होता, मग ८०, ६०, ४० असा उतरत गेला. म्हणून २०२२ च्या डिसेंबरमध्ये धंदेवाल्यांनी घाईने ट्रक घेऊन ठेवले आणि पुढची दोन वर्षं ते फिरकले नाहीत. १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना १०० टक्के परत मिळाला आहे. धंद्यासाठीचा वापर ५० टक्क्यांच्या वर ठेवावा लागतो. पुढच्या एखाद्या वर्षी तो खाली गेला तर घेतलेल्या सवलतीचा काही भाग उत्पन्नात परत धरतात. मैलांची वही ठेवत नाही त्याला हे फार महागात पडतं.

खासगी गिऱ्हाइकाला २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी नव्या गाडीच्या कर्जावरचं वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतचं व्याज वजा करता येतं, पण गाडीची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली हवी आणि उत्पन्नाची मर्यादा आहे. व्हीआयएन (गाडीवरचा ओळखक्रमांक) बघा: पहिला आकडा १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको. एकाच नावाचा सिल्व्हराडो या तिन्ही देशांत बनलेला सापडतो, शेजारी शेजारी उभे असतात. एकाला वजावट, दुसऱ्याला नाही.

आणि मंदीत कंपन्या दोन आमिषं दाखवतात, रोख सूट किंवा कमी दर. ४,००० डॉलरची सूट घेऊन ५६,००० चं कर्ज ८ टक्क्यांनी ७२ महिने काढलं तर हप्ता ९८२. सूट सोडून ६०,००० वर ४ टक्के घेतले तर ९३९. सूट नाकारणारा सहा वर्षांत तीन हजार वाचवतो. मात्र तीन वर्षांत गाडी विकायची असेल तर हा हिशेब शिल्लक मुद्दल धरून पुन्हा मांडा.

टॉर्करेंच

त्यात एक भर. डीलरकडे बरेच महिने उभा असलेला ट्रक ओळखायचा तर दाराच्या चौकटीवर उत्पादनाचा महिना छापलेला असतो. आठ-दहा महिने जुना असेल तर डीलर त्यावर रोज व्याज भरतोय, घासाघीस तिथेच करा. फक्त बॅटरी तपासून घ्या, टायर एकाच जागी उभे राहून चपटे झालेत का बघा आणि व्हीआयएन टाकून प्रलंबित रिकॉल शोधा. रिकॉल बाकी असलेला नवा ट्रक दुरुस्तीशिवाय तुमच्या हातात देणं कायद्यात बसत नाही. जुन्या ट्रकला हे संरक्षण नाही, तो शोध तुमचा तुम्हालाच घ्यावा लागतो.