मदत हवी आहे: ॲसिड पंपाचं सील चार महिन्यांत तिसऱ्यांदा गळतंय (अंबड, नाशिक)

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीतल्या एका लहान प्लेटिंग युनिटमध्ये मी मेन्टेनन्स बघतो. पिकलिंगच्या (धातूवरचा गंज ॲसिडने काढायच्या) टाकीला हायड्रोक्लोरिक ॲसिड (३० ते ३३ टक्के) देणारा पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा) पंप आहे, ३ एचपी, २९०० आरपीएम, कपलिंगवाला. शाफ्टभोवतून ॲसिड बाहेर येऊ नये म्हणून असणारं सील टेफ्लॉन बेलोजचं (घडीच्या नळीचं), बाहेरून बसणारं. त्याच्या एकमेकांवर घासणाऱ्या दोन चकत्यांपैकी (फेस) एक सिरॅमिकची, दुसरी काचतंतू मिसळलेल्या टेफ्लॉनची.

पंप चालू असला की मिनिटाला दहा-बारा थेंब पडतात. बंद केला की थांबतात. नवीन सील टाकलं की तीन-चार आठवडे कोरडं राहतं, मग पुन्हा तेच. शेठ म्हणतात, 'अजून एक सील आणून टाक.' माझं मन तयार होत नाही. गेल्या आठवड्यात हेल्परच्या मनगटावर थेंब उडाले. लगेच नळाखाली धरून पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडलं म्हणून चट्ट्यावर निभावलं. १९ वर्षांचा पोरगा आहे, डोळ्यात गेलं असतं तर त्याच्या आईला काय तोंड दाखवलं असतं? शिवाय आमच्या मागचा नाला नंदिनी नदीला मिळतो आणि नंदिनी टाकळीजवळ गोदावरीला. पावसाच्या पाण्याबरोबर हे ॲसिड कुठवर जात असेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

गळती नेमकी सीलमधूनच आहे की फ्लँजमधून (पाइपच्या बोल्टवाल्या जोडातून) ओघळून तिथे येतेय, हे कसं ओळखायचं? आणि सील वारंवार का जातंय? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

जुना फिटर
भाऊ, आधी पंप बंद ठेवा. सुरक्षेचं पहिलं. स्टार्टरला कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात. सक्शन-डिलिव्हरी दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले तरी केसिंगमध्ये (पंपाच्या कवचात) ॲसिड अडकलेलं असतं. ते खालच्या ड्रेन प्लगमधून कॅनमध्ये काढा, मग भरपूर पाण्याने धुवा आणि निघालेलं पाणी लिटमसला लाल दाखवेनासं होईपर्यंत एकही बोल्ट सैल करू नका. धुतलेलं पाणी नाल्यात नाही, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) टाकीत. फेस शील्ड, पीव्हीसी एप्रन, निओप्रीनचे हातमोजे, गमबूट आणि ॲसिड वायूचं कार्ट्रिज असलेला मास्क, यातलं एकही वगळू नका. हायड्रोजन क्लोराइडची मर्यादा हवेत फक्त ५ पीपीएम (दहा लाख भागांत पाच) आहे, नाकाला झोंबायला लागलं म्हणजे उशीर झालाय असंच समजा.

आता जागा शोधणं. अमोनियात बुडवलेला कापसाचा बोळा लांब काडीला बांधून जोडाजवळ न्या. ॲसिडची वाफ असेल तिथे पांढरा धूर उठतो. पण वाफ पसरते, त्यामुळे धुराने फक्त भाग कळतो, नेमका जोड नाही. त्यासाठी धुतलेल्या पंपात साधं पाणी भरून चालवा. फ्लँज, केसिंगचा जोड आणि ड्रेन प्लग पुसून कोरडे करा, प्रत्येकाला टिश्यू पेपर गुंडाळा. जो पहिला भिजेल तो तुमचा गुन्हेगार. फिरत्या शाफ्टजवळ मात्र कागद-कापड काही नेऊ नका.

तुम्ही सांगितलेली खूण महत्त्वाची आहे. फक्त चालू असताना गळतं म्हणजे फेस किंवा शाफ्टची भानगड. बंद असतानाही गळलं असतं तर ओ-रिंग किंवा गॅस्केटवर संशय घेतला असता. काढलेली जुनी सीलं फेकली नसतील तर बघा. फेसवर केसासारख्या चिरा म्हणजे कोरडं चाललंय. घासल्याचा पट्टा फेसपेक्षा रुंद म्हणजे शाफ्ट डगमगतोय. आणि बेसप्लेटचे (पंपाखालच्या पाट्याचे) बोल्ट कसे आहेत?

सातपूरकर
आमच्याकडे दोन वर्षांपासून मॅग्नेटिक ड्राइव्ह पंप आहे. त्यात शाफ्टचं सीलच नसतं. पण दादा, कोरडा चालवला तर आतलं बेअरिंग तासाभरातही जाऊ शकतं. आधी तुमचा पंप कोरडा चालतो का ते शोधा, नाहीतर महागडा पंपही तसाच माराल.

धागा काढणारा
मनापासून आभार. कालच्या साप्ताहिक सुट्टीत सगळं उघडलं. सांगितल्याप्रमाणे पाण्यावर तपासलं, फ्लँज कोरडे, सीलच गळतंय. तिन्ही जुनी सीलं कपाटात होती. पट्टा तिन्हींवर रुंद. चिरा मात्र एकावरच.

आणि बोल्ट! चारपैकी दोन गंजून निम्मे उरले होते. सक्शनचा पाइप सोडला तर तो फ्लँजपासून सहा-सात मिलिमीटर बाजूला सरकला, म्हणजे इतके दिवस पंपाला ओढून धरत होता. आता कळतंय, थेंब बेसप्लेटवर पडत होते, बोल्ट खात होते, पंप हलत होता आणि हललेला पंप पुढचं सील खात होता. गळतीच नवीन गळती तयार करत होती. मी नुसती सीलं बदलत बसलो.

शेठना ते बोल्ट टेबलावर ठेवून दाखवले. बघितल्यावर लगेच तयार झाले. फाउंडेशनवर ॲसिडरोधक थर, नवे बोल्ट, पंपाखाली पीपीचा ट्रे आणि सक्शन पाइपला स्वतंत्र आधार असं ठरलंय. शाफ्टचा रनआउट (फिरताना होणारा डगमग) डायल गेजने ०.०५ मिमीच्या आत आला तरच सील बसवणार.

चिरा पडलेल्या सीलचा उलगडा हेल्परनेच केला. टँकर रिकामा होत आला की कुणीतरी पंप तसाच ठेवून चहाला जातं. त्यासाठी लेव्हल स्विच लावायचा आहे. ॲसिडच्या वाफेत टिकणारा, सगळं अंग पीपीचं असलेला फ्लोट स्विच कुणी वापरला आहे का? मोटारचा करंट कमी झाला की ट्रिप करणारा रिले त्यापेक्षा बरा पडेल का? तोवर टँकर उतरवताना मी स्वतः स्टार्टरजवळ उभा राहतोय.