ह्यांचं विसरणं वयाचं की आणखी काही?

कृष्णाकाठ, वाई
आमचे हे ६८ वर्षांचे. बँकेत कॅशियर होते, हिशेबात कधी चूक नाही. दिवाळीत दूधवाल्याला महिन्याचे पैसे दोनदा दिले. मी म्हटलं, होतं असं. मग दोन महिन्यांचं वीजबिल राहिलं. विचारलं तर अंगावर आले, "तूच कागद लपवतेस." ३९ वर्षांच्या संसारात माझ्यावर असा संशय कधी घेतला नव्हता. रात्रभर झोप नाही लागली मला.

गेल्या मंगळवारी ढोल्या गणपतीला गेले आणि येताना वाट चुकले. रोजची वाट! ओळखीच्या रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. पण ७२च्या दुष्काळातल्या गोष्टी नातीला नावानिशी सांगतात, म्हणून मुलाला काही पटत नाही. तो पुण्याहून दोन दिवस येतो, तेवढे दोन दिवस हे अगदी नीट असतात. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, "मला वेड लागलंय का?" कसं न्यावं?

माई
जुनं लख्ख आठवतं आणि सकाळचं आठवत नाही, हे आमच्याकडेही होतं. आम्ही त्यालाच भुललो आणि दीड वर्ष घालवलं. ताई, एक वही करा. तारीख आणि काय घडलं, एवढंच लिहा. डॉक्टरांसमोर ऐनवेळी आपल्याला काही सुचत नाही. आणि संशय घेतला तर वाद घालू नका, "चला, दोघं मिळून कागद शोधू" म्हणा.

निवृत्त परिचारिका
आधी रक्त तपासून घ्या: बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं, आणि त्यानेही विसरायला होतं. झोपेच्या गोळ्या चालू आहेत का? ऐकायला कमी येतं का? मन उदास असलं तरी माणूस असाच हरवल्यासारखा वागतो. गेल्या काही महिन्यांत पडले होते का, हे नक्की आठवून पाहा. डोक्यात हळूहळू रक्त साठलं तर असंच दिसतं, आणि त्यावर इलाज होतो.

स्मरणशक्तीचा विषयच काढू नका. बीपी दाखवायला म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, आणि वहीतलं आदल्या दिवशी त्यांना कळवा. दोन-तीन दिवसांत एकदम गोंधळ वाढला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. कधी लघवीच्या संसर्गानेही होतं तसं.

कृष्णाकाठ, वाई
पडले होते हो! जानेवारीत न्हाणीत घसरले, डोक्याला टेंगूळ आलं होतं. दोन दिवसांत उतरलं म्हणून मी विसरूनच गेले. दूधवाल्याचे पैसे मात्र त्याआधीचे, तेही लिहून ठेवलंय. बीपीच्या गोळ्या संपत आल्यात, त्याच निमित्ताने उद्याच नेते. मुलाला फोन केला, ह्या वेळी आठवडाभर राहायला ये म्हटलं.