भाच्याला आयटीआयला वेल्डर ट्रेड घ्यायचाय, चाकणला रोबो आलेत. सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

भाचा दहावी झाला, ओतूरला असतो. आता आयटीआयचा फॉर्म भरायचाय. त्याला वेल्डर हवाय, कारण ट्रेड एका वर्षाचा आणि लगेच हातात पैसे. ताईचंही तेच, "वेल्डर कुठं उपाशी राहत नाही रे." मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका व्हेंडरकडे प्रॉडक्शनला आहे आणि मला 'हो' म्हणवत नाहीये.

आमच्या ब्रॅकेट लाइनला मिग वेल्डिंगवर शिफ्टला सहा जण असायचे. आता रोबोचे दोन सेल (रोबोने वेल्डिंग करायच्या बंदिस्त जागा) आहेत. माणूस फिक्श्चरमध्ये (पार्ट धरून ठेवणाऱ्या साच्यात) पार्ट लावतो, क्लॅम्प मारतो, लाइट कर्टनच्या, म्हणजे माणूस आत आला की मशीन थांबवणाऱ्या प्रकाशाच्या पडद्याच्या, बाहेर येऊन बटण दाबतो, बस्स. पर्मनंटपैकी एकालाही काढलं नाही. कंत्राटी पोरांची मुदत संपली ती वाढवली नाही आणि वेल्डरची नवी भरती थांबली. त्यामुळे ओरडही झाली नाही. जर्मनीतल्या १९९४ ते २०१४ या काळाच्या अभ्यासात असंच दिसलं होतं: रोबो आले तरी आत असलेल्यांच्या नोकऱ्या बहुतेक टिकल्या, कारखान्यांत नव्या पोरांना मिळणाऱ्या जागा घटल्या. माझा भाचा नेमका त्या बाहेरच्या रांगेत उभा आहे.

अर्थात नुसतं वाईटच घडतंय असं नाही. इलेक्ट्रिक दुचाकीच्या बॅटरी ट्रेचं नवं काम आलं तेव्हा माणसं घेतली, पण मेंटेनन्स, क्वालिटी आणि रोबो प्रोग्रॅमिंगला. तोच माल नव्या पद्धतीने काढला की हात कमी लागतात, नवा माल आला की वाढतात, एवढं मला इथे उभं राहून कळलंय.

आणि वेल्डिंगचं ज्ञान वाया जातं असंही म्हणवत नाही. आमचे एक जुने वेल्डर आता टीच पेंडंट (रोबोला हालचाल शिकवायचा हातातला रिमोट) सांभाळतात. प्रेस शॉपमधून पार्ट जरा वाकडा आला, जोडात मिलिमीटरभर फट पडली, तरी रोबो ठरलेल्या रेषेवरूनच जातो आणि पत्रा जळतो. हे काका नुसता बीड (वेल्डची रेघ) बघून सांगतात, करंट उतरवायचा की गनचा अँगल बदलायचा. कोरा प्रोग्रॅमर तिथे अडतो.

म्हणून विचारतोय. आधी वेल्डर करून मग आयटीआयचाच रोबोटिक्सचा एक वर्षाचा ट्रेड घ्यावा का? की सरळ दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा मेकॅट्रॉनिक्स (मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र)? दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट असते, नुसत्या वेल्डरवर ती मिळत नाही. ताईला हे पटवायचं तर वर्षभराची कमाई सोडावी लागणार, आणि तिच्या घरी ती मोठी गोष्ट आहे.

भोसरीत फॅब्रिकेशन शॉप चालवणारे कुणी असाल तर जरूर सांगा, तुमच्याकडे हातचं वेल्डिंग अजून किती चालतं आणि नव्या पोराला काय पगार देता? रोबो सेलवर काम करणाऱ्यांनी आपण तिथवर कसे पोचलो तेही लिहा. फॉर्मची मुदत जवळ आली आहे.