वाइन शिकायचीय? आधी कारण तरी खरं सांगा

पेठकर: काल इथे एकाने लिहिलं की, आयटीतली नोकरी सोडायचा विचार आहे, वाइनमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून डब्ल्यूएसईटीची, म्हणजे वाइन शिकवणाऱ्या परदेशी संस्थेची, पहिली लेव्हल करतोय आणि पुढे याच धंद्यात पडायचंय. खाली अभिनंदनाचा नुसता पाऊस! अहो, त्या लेव्हलला दिवसभराचा क्लास आणि ३० प्रश्नांचा पेपर. ग्लास फिरवून ‘पेरूचा वास येतोय’ म्हटलं की झाला धंदा? पार्टीत भाव खायचाय, एवढं कबूल करा की.

नवखा: तो मीच. भाव खायचा असता तर सिंगल माल्ट व्हिस्कीवर बोललो असतो, त्याला जास्त मान आहे. नाशिकच्या गंगापूर धरणाजवळ वाइन टेस्टिंगला गेलो होतो. शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या दोन व्हाइट वाइनमध्ये फरक काय, हे विचारायचीही लाज वाटली. कुतूहल पुरत नाही का? आणि हो, पैसेही हवेत. नाशिकची वाइन कंपनी ‘सुला’ २०२२ साली शेअर बाजारात आलीच ना?

निफाडकर: शेअर बाजार म्हणे! धंदा बघायचा तर २००९ बघा. राज्याच्या २००१ च्या वाइन धोरणानंतर गावोगाव वायनऱ्या, म्हणजे वाइनचे कारखाने, निघाल्या. वडिलांनी खायच्या द्राक्षाची थॉमसन काढून वाइनच्या द्राक्षाची शिराझ लावली. मग मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली आणि करार असूनही वायनरीने माल उचलला नाही. ही द्राक्षं खायला कोण घेणार? बारीक मणी, जाड साल, वर बिया, म्हणजे बेदाणाही नाही. बाग तोडली. हे शिकवतात का तुमच्या क्लासात?

मुलुंडवाली: नाही शिकवत, आणि गरजही नाही. खानावळ चालवायला भात लावता यावा लागतो का? मी हॉटेलात बार सांभाळते. बुचामुळे बिघडलेली बाटली वासावरून ओळखणारा एक माणूस मिळत नाही. दुकानदार रेड वाइन उन्हातल्या शोकेसमध्ये उभी ठेवतो. शिकू दे की कुणाला.

पेठकर: शेतकऱ्याचं नाव निघालंच आहे, तर जानेवारी २०२२ आठवा. सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तोही शेतकऱ्याच्याच भल्यासाठी म्हणे! अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अडला, ते बरंच झालं.

निफाडकर: काय बरं झालं? खप वाढला असता तर शेतकऱ्याचा माल पडून राहिला नसता. पेठेत बसून दारूबंदी सांगायला काय जातं!

पेठकर: वायनरीने फसवलं म्हणताय आणि बाजूही तिचीच घेताय? धन्य आहे.

निफाडकर: खप आणि करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोकं असेल तर कळेल.

मुलुंडवाली: अहो, मूळ प्रश्न त्या पोराचा होता.

नवखा: निफाडकर, करारात भाव कशावर ठरतो? नुसत्या ब्रिक्सवर, म्हणजे द्राक्षातल्या साखरेच्या मापावर?

निफाडकर: हा पहिला कामाचा प्रश्न विचारलात. साखर बघतात, रोग बघतात, आणि वायनरीची टाकी भरली असेल तर तुमच्या मालात अचानक खोटही सापडते. फेब्रुवारीत आमच्या गावात द्राक्षतोडणीला या. ऊन चढायच्या आत, म्हणजे पहाटे. सर्टिफिकेट नाही मिळणार.

पेठकर: जा बाबा. पण पेरूचा वास आला तर कळवा.