शास्त्रज्ञाचा कोड: तसाच चालवायचा की नव्याने लिहायचा?

मुलुंडकर
उपग्रहाच्या चित्रावरून पाऊस काढणारा एक अल्गोरिदम आमच्याकडे आला, कुणाच्यातरी पीएचडीच्या लॅपटॉपवरून. 'मी रोज वापरतो, चालतो.' चालायचाही, निवडक दिवसांच्या डेटावर. एका रात्री चित्रातल्या काही ओळी आल्याच नाहीत. गहाळ पिक्सेलच्या जागी -९९९ भरलेलं असतं; कोडने ते ढगमाथ्याचं तापमान समजून सरासरीत घेतलं. ढग जितका थंड तितका पाऊस जास्त, या हिशेबाने कोरड्या अरबी समुद्रावर अतिवृष्टी! पहाटे पावणेतीनला फोन वाजला तो माझा, त्याचा नाही.
माझं मत: शास्त्रज्ञांनी सूत्र द्यावं, कोड आम्ही लिहू. इन्सॅट-३डी आणि ३डीआर हे आपले हवामान उपग्रह मिळून तेव्हा दर १५ मिनिटांनी चित्र द्यायचे. एकेका चित्राला २० मिनिटं खाणारा कोड दिवसभर मागेच पडणार.

दादर_पश्चिम
आणि लिहिताना 'ही अट कशाला?' म्हणून उडवणार. घाटातले ढग बुटके, माथे तेवढे थंड नसतात, तरी पाऊस धो-धो. ढगमाथ्याचं तापमान टिपणाऱ्या नुसत्या इन्फ्रारेड चित्राला तो कमीच दिसतो. म्हणून डोंगरचढाची दुरुस्ती घातलेली असते. तुम्हाला ती कचरा वाटते.

साडेआठची_फास्ट
'कचरा' म्हणून बाजूला काढलं की काय होतं ते ओझोनला विचारा. निंबस-७ उपग्रहावरच्या टॉम्स या ओझोन मोजणाऱ्या उपकरणाच्या प्रक्रियेत १८० डॉबसनखालची (डॉबसन हे ओझोन मोजायचं एकक) मापं संशयास्पद म्हणून बाजूला काढली जायची. अंटार्क्टिकावरचं छिद्र जगापुढे आणलं १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फारमन आणि सहकाऱ्यांनी, जमिनीवरच्या उपकरणाने.

मुलुंडकर
हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. मापं खुणा करून ठेवली होती, फेकली नव्हती. म्हणून तर मागाहून तोच डेटा पुन्हा तपासता आला. ही शिस्त लॅपटॉपवर नसते. डोंगरवाल्या अटीचं मात्र मान्य. एक अशीच मी उडवली होती, परत घातली.

दादर_पश्चिम
मग जुना आणि नवा कोड एकाच पावसाळ्यावर चालवा, पिक्सेलवार फरक काढा, आणि शास्त्रज्ञाला शेजारी बसवा. २६ जुलै २००५ घ्या: सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला त्याचा दहावा भागही नाही.

साडेआठची_फास्ट
तेव्हा इन्सॅट-३डी होता कुठे? तो २०१३ मध्ये अवकाशात गेला. (तारीख मात्र २६ जुलैच!)

मुलुंडकर
मग मुंबई तुंबली तो २०१७ चा २९ ऑगस्ट घेतो. शास्त्रज्ञाला बसवायचं तुम्ही बघा. तो आता पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधनाला) परदेशात आहे.