पदवी हातात आली की थेट पुण्याची गाडी धरायची का?

गिरणाकाठ
खानदेशातल्या, बी.कॉम., बीएस्सी, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या पोरांसाठी लिहितोय. निकाल लागला की आपल्याकडे एकच घाई: महाराष्ट्र एक्सप्रेस धरायची, पुण्यात मित्राच्या खोलीवर पथारी टाकायची आणि बायोडेटा वाटत फिरायचं. माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या हातात ऑफर लेटर नाही त्याने जाऊ नये. पहिलं वर्ष जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर इथंच काम करावं.

जळगावच्या एमआयडीसीत दालमिल आहेत, चटईचे आणि पाइपचे कारखाने आहेत, ठिबक सिंचनाचं सामान बनवणारे तर आहेतच. अशा मध्यम कारखान्यात हिशेबाला बसलेल्या पोराच्या हाताखालून खरेदीची बिलं, ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद), जीएसटीचं रिटर्न, बँकेचं सीसी म्हणजे कॅश क्रेडिट खातं, ट्रान्सपोर्टवाल्याचं भाडं सगळं जातं. शेठ समोरच बसलेला असतो. भाव का पडला, माल का अडला, उधारी का थकली हे त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून कळतं. मोठ्या कंपनीच्या बॅक ऑफिसात तोच पोरगा वर्षभर एकाच स्क्रीनवर तेच रकाने भरत राहतो. घरचं खाऊन धंदा शिकायला मिळतोय, तर तो शिकून मग जा ना पुण्याला.

पुणे_मुक्कामी
दादा, शेठ समोर बसलेला असतो हे खरं, पण पगाराच्या दिवशीही तोच समोर असतो. 10-12 हजार, तेही रोख पाकिटात. नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची स्लिप नाही. वर्षभराने पुण्यात मुलाखतीला गेलं की एचआर पहिलं मागतो ते तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट. ते नसेल तर तुमचा अनुभव शून्य. वर्गातली जी मुलं निकालानंतर लगेच इकडे आली ती आज माझ्यापुढे आहेत. मी जळगावात थांबलो होतो, म्हणून हे पोटतिडकीने सांगतोय.

गिरणाकाठ
भाऊ, तुमची तक्रार रास्त आहे. म्हणूनच पोरांनी रुजू होण्याआधी दोन गोष्टी तोंडाने मागाव्यात: पत्र आणि खात्यात पगार. 20 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ कायद्याने लागू होतो, ती मेहरबानी नाही. आणि दुसरा रस्ताही आहे. 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली पदवीधराला शिकाऊ म्हणून घेता येतं. 2019 च्या नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना 9,000 ठरलं होतं. त्यात पोट भरत नाही हे मान्य, पण शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं आणि ते पुण्यातल्या एचआरलाही नाकारता येत नाही. भुसावळला रेल्वे आहे, दीपनगरचं वीज केंद्र आहे, वरणगावला आयुध निर्माणी आहे. आयटीआय आणि डिप्लोमावाल्या पोरांनी तिथल्या शिकाऊ भरतीच्या जाहिरातींवर डोळा ठेवावा.

आप्पा_धुळेकर
तुमनं म्हननं पटनं, पन पगार इतला कमी शे ना भाऊ!
आता अहिराणी सोडून सगळ्यांना कळेल असं लिहितो. धुळ्यातून मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरचा असे तीन महामार्ग जातात. माल भराभर जातो, आणि त्याच रस्त्याने आमची पोरं सुरतला जातात. का जातात? इथं मोठा कारखाना नाही म्हणून. विप्रोचं मूळ अमळनेरचं, 1945 सालची वनस्पती तुपाची कंपनी. पण तिचं कॉम्प्युटरचं काम बंगळूरला वाढलं, अमळनेरला नाही. बीसीएच्या पोराने दालमिलच्या हिशेबात वर्ष घातलं तर त्याचं कोडिंग गंजेल. बी.कॉम.ला लागू होणारा सल्ला सगळ्यांना देऊ नका.

केळीवाला_रावेर
मी गिरणाकाठ यांच्या बाजूचा. बीएस्सी अ‍ॅग्री झालेली पोरं पुण्यात औषध कंपन्यांच्या सेल्समध्ये टार्गेटच्या मागे पळतात. इकडे केळी निर्यातीच्या पॅकहाऊसला घड तोडणीची वेळ ठरवणारा, फण्यांचं ग्रेडिंग करून घेणारा, प्री-कूलिंगचं म्हणजे माल आधी गार करण्याचं तापमान सांभाळणारा आणि फायटोसॅनिटरी (माल कीडरोगमुक्त असल्याच्या) दाखल्याची कागदं वेळेत काढणारा माणूस हवा असतो. फणीला ओरखडा आला तर मालाची प्रत उतरते. असा माणूस शोधायला आम्हाला बाहेर जावं लागतं, हे दुखतं. दोन सीझन टिकलेल्या पोराला सोलापूरचे निर्यातदारही बोलावतात.

सातपुड्याची_लेक
सगळे पोरांबद्दलच बोलताय. शहाद्याच्या किंवा चोपड्याच्या मुलीला गावाजवळची नोकरी म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने लग्न ठरेपर्यंतचा वेळ. पाच वाजता घरी, आणि रविवारी पाहुणे. माझ्यासोबतच्या दोघी हुशार होत्या, दोघींच्या नोकऱ्या साखरपुड्यानंतर सुटल्या. मी पुण्यात वसतिगृहावर राहिले म्हणून टिकले. मुलींना "पहिलं वर्ष इथंच थांबा" सांगताना त्या वर्षानंतर त्यांना कोण जाऊ देणार आहे, तेही सांगा.

गिरणाकाठ
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. ज्या मुलीला बाहेर जायची परवानगी आज मिळते आहे तिने ती उद्यावर टाकू नये. तुमच्या म्हणण्याने माझा सल्ला तेवढा अपुरा ठरतो.

अभ्यासिकेतून
आणि आम्ही एमपीएससीवाले? खुल्या गटाला 38 वर्षांपर्यंत संधी आहे. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, लिहिण्याचा सराव लागतो. नोकरी करत तो होत नाही.

पुणे_मुक्कामी
38 पर्यंत संधी आहे म्हणून 38 पर्यंत बसायचं नसतं, भावा. बापाने कापूस विकून पाठवलेल्या पैशावर किती वर्षं काढायची ते घरी बसून आधी ठरव आणि आईसमोर बोलून दाखव. इथं माझं आणि गिरणाकाठ दादांचं एकमत होईल.

पाचोरा_बीसीए
मला प्रत्यक्ष सांगा. बीसीए शेवटचं वर्ष. पुण्यातला एक क्लास सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवतो, 60 हजार फी, "नोकरीची हमी". जळगावात एका कॉम्प्युटर दुकानात 11,000 वर नेटवर्किंगचं काम मिळतंय. बाबा म्हणतात कर्ज काढू.

पुणे_मुक्कामी
पुण्याला ये, पण त्या क्लाससाठी नको. हमी लिहून मागितली की "प्लेसमेंट साहाय्य" असा शब्द येतो. मागच्या बॅचमधल्या पाच जणांचे नंबर माग, आणि ते क्लासने निवडून दिलेले नसावेत.

गिरणाकाठ
कर्ज काढू नको. दुकानाचं काम पत्र घेऊन सहा महिने कर. संध्याकाळी टेस्टिंगचं फुकट मिळणारं साहित्य घेऊन बस आणि एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पातले (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) दोष शोधून नोंदव. त्या नोंदी मुलाखतीत दाखवता येतात. सहा महिन्यांनी या पुणे_मुक्कामी भाऊंच्या खोलीवर जा.

पुणे_मुक्कामी
खोली आहे. पण सहा महिने नको, तीन. कॅम्पसची भरती संपली की फ्रेशरच्या जागा कमी होतात.